चौदा मुलं आणि काठोकाठ पेला

सोमवार, ता. ३

धाकटी सकाळी दुकानात आली तेव्हा मी एका किराणावाल्याच्या तराजूची दांडी घासत होतो. ती स्टुलावर बसली आणि काही न बोलता एक कागद माझ्यापुढे ठेवला. माझी बहीण न बोलता बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

कागद तिच्या घरमालकांचा. त्यांना सगळा रस्ता कप्तान म्हणतो. गृहस्थ जन्मभर बोट कंपनीच्या खिडकीत तिकिटं विकत होते, बोटीवर चढले असतील की नाही देव जाणे, पण टोपी तशी घालतात आणि बोलतातही तसंच. कागदाचा मतलब असा: पहिल्या मजल्यावरच्या पाळणाघरातली मुलं उड्या मारतात, त्याने खालच्या चष्मेवाल्यांच्या दुकानाचं छत हादरतं. गेल्या आठवड्यात त्यांच्या हातातून एक काच निसटून फुटली. एकोणतीस तारखेला कप्तान स्वतः येऊन पाहणार. हादरे थांबलेले नसले तर खोली रिकामी करायची.

धाकटी हे पाळणाघर अकरा वर्षं चालवते आहे. तीन ते सहा वयाची चौदा मुलं, मदतीला एक मावशी. दुसरी खोली शोधून बघितलीस का, विचारलं. म्हणाली, "सहा ठिकाणी गेले. पाळणाघर म्हटलं की लोक दारातच हात जोडतात. ही गेली की संपलं, दादा."

"मग बसवून ठेव मुलांना."

"तू ये आणि बसव. अर्धा तास बसली ना, तर मी तुझ्या पाया पडेन. बसवलं की ती कपाटावर चढतात."

मी विचार केला. मुलं हलली पाहिजेत, पण जमीन हलता कामा नये. म्हणजे हा प्रश्न वजनाचा आहे, आणि वजनाचा प्रश्न या भागात माझ्याकडेच येतो. माझं शिक्षण सातवी. बाकी सगळं बघून, उघडून आणि परत जोडून शिकलो. कोणाचा हात धरून नाही. मी सांगितलं, खेळणी मी निवडतो. अंग घुसळून निघेल आणि खाली चाहूल लागणार नाही अशी. तू फक्त मुलं पुरव.

"मुलांचा तुटवडा नाही," धाकटी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

मंगळवार, ता. ४

पद्धत ठरवली. पद्धतीशिवाय काम म्हणजे नुसती धावपळ.

चष्मेवाल्यांच्या दुकानात छताला टांगलेली एक मांडणी आहे. तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. पेल्यात बरोबर अडीचशे ग्रॅम पाणी मावतं. तासाभराने पुन्हा वजन करायचं. जितकं कमी, तितका हादरा. चष्मेवाले कुरकुरले, "आधी काच फुटली, आता पाणी सांडवा माझ्या डोक्यावर." पण माणूस बारीक कामाचा आहे. मोजायचं म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. पेला त्यांनीच दिला.

खेळण्यांशिवाय, रोजच्या गोंधळात, एका तासात सांडलेलं पाणी: ७२ ग्रॅम.

बुधवार, ता. ५

दिवसभर पाळणाघरात. खोली सव्वीस फूट बाय अठरा, लाकडी जमीन, दोन खिडक्या. आधी सगळ्यांची वजनं घेतली. त्यातच दोन तास गेले. एका चार वर्षांच्या मुलीचं वजन मिळेचना, कारण काटा स्थिर व्हायच्या आत ती काट्यावर नसतेच. तिला मी वावटळ नाव ठेवलं. शेवटी धाकटीने तिला उचललं, दोघींचं वजन केलं आणि मी धाकटीचं वजा केलं. धाकटीचं वजन मोठ्याने बोललो याबद्दल ती दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सगळ्यात वजनदार मुलगा साडेसव्वीस किलो. त्याचं नाव ठोकळा. तो चालला तरी मांडणीवरची झाकणं वाजतात असं चष्मेवाले म्हणतात.

मुलं मला काटेकाका म्हणू लागली आहेत. मी हरकत घेतली नाही.

मावशी सतरंजी झटकताना म्हणाल्या, "दादा, त्यांना पळायचं नसतं हो. त्यांना कुठेतरी पोचायचं असतं. पोचायला काही नसलं की मग जागच्या जागी नाचतात." मी नोंद करून घेतली, कारण मी सगळ्याचीच नोंद करतो. पण यात मोजण्यासारखं काही नाही.

गुरुवार, ता. ६

खेळण्यांच्या दुकानात गेलो. निघताना मावशी म्हणाल्या, "रांग लावायला लागेल असलं काही आणू नका हं." मी म्हटलं, मावशी, मी यादी केलेली आहे.

दुकानदार तरुण आणि बोलघेवडा. दोरीच्या उड्या दाखवल्या. नको, पाय आपटतात. बसून उडायचा शिंगांचा चेंडू दाखवला. त्यावर मी स्वतः बसून पाहिलं. मी खाली, चेंडू वर, आणि दुकानदार पाठमोरा होऊन हसत होता. पाणी भरलेल्या बाटल्या पाडायचा खेळ दाखवला. पाणी वर नको, खाली पुरेसं आहे.

मग ट्रॅम्पोलिन पाहिलं. गोल चौकट, ताणलेली जाळी, भोवती छत्तीस स्प्रिंगा. मी एक स्प्रिंग काढून ताणून बघितली. हिशेब सरळ आहे: मूल पडतं, धक्का स्प्रिंग खाते, जमिनीला काही कळतच नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे घ्या. मुलं दमतात आणि आईबाप सुटतात." मी त्याला स्प्रिंगचं गणित समजावलं. त्याने लगेच गुंडाळायला घेतलं, त्यावरून त्याला ते पटलं असावं.

शनिवार, ता. ८

ट्रॅम्पोलिनची चाचणी. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

उडणारं मूल एक. उरलेली तेरा रांगेत. जाळीवरच्या मुलाचा खाली खरोखर काही आवाज नव्हता, माझं गणित बरोबर होतं. पण रांगेतली तेरा मुलं वाट बघता बघता जागच्या जागी उड्या मारू लागली. एका तालात. जाळीवरचं मूल मोठ्याने मोजत होतं आणि रांग साथ देत होती. ठोकळा शेवटी उभा होता आणि सगळ्यांत मन लावून उडत होता.

सहाव्या मिनिटाला चष्मेवाले वर आले. शर्ट ओला, हातात कोणाच्या तरी नंबरचा कागद, त्यावरची शाई वाहून गेलेली. म्हणाले, "काटेवाले, पेल्यात आता वजन करण्यासारखं काही राहिलं नाही."

केलं वजन. उरलेलं पाणी ९५ ग्रॅम. सहा मिनिटांत १५५ ग्रॅम गेलं.

सोमवार, ता. १०

रविवारभर विचार केला. आज एक नियम हाती लागला. खूण करून ठेवतो.

नियम पहिला: ज्या खेळण्यापुढे रांग लागते ते खेळणं बाद. वाट पाहणारं मूल हे खेळणाऱ्या मुलापेक्षा जास्त आपटतं.

धाकटीला सांगितलं. ती मावशींकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण मावशींनी तिला दुधाचे पेले विसळायला दिले.

बुधवार, ता. १२

बाजारात मिळणारी खेळणी या कामाची नाहीत हे आता स्पष्ट आहे. खेळणं मलाच करावं लागणार. सी-सॉ करतो आहे. लोक करतात तसला नाही. बाजारातल्या सी-सॉवर एक जड आणि एक हलकं मूल बसलं की जड मूल धाडकन खाली येतं. तोच धक्का. माझ्या फळीखाली सरकतं लोखंडी वजन राहील. कुठलीही दोन मुलं बसवा, वजन सरकवा, तोल बरोबर. मधोमध तराजूच्या दांडीला असते तशी पोलादी धार. आणि मध्यावर एक काटा, मुलांना दिसेल असा.

दुकानातली तीन कामं मागे ठेवली. किराणावाला रोज विचारायला येतो. त्याला म्हटलं, तुझा तराजू पाच ग्रॅमने खोटा आहे, तेवढा उशीर झाला तर जग बुडणार नाही. तो म्हणाला, माझं गिऱ्हाईक बुडतं.

शनिवार, ता. १५

फळी पुरी झाली. नऊ फूट लांब, कडा गोल घासलेल्या, दोन्ही टोकांखाली रबर. एका टोकावर नाणं ठेवलं तरी काटा हलतो. मी इतकं स्वच्छ काम कधी केलं नव्हतं. थोडा वेळ दिवा न लावता नुसता बघत बसलो.

सोमवार, ता. १७

यश.

सकाळी दहा वाजता फळी बसवली. एका टोकाला ठोकळा, दुसऱ्या टोकाला वावटळ. मी वजन सरकवलं. साडेसव्वीस किलो आणि पंधरा किलो एकमेकांसमोर तोलून राहिले. काटा बरोबर मधोमध. बाकीची बारा मुलं भोवती उकिडवी बसून काट्याकडे बघत राहिली. कोणी बोलेना. वावटळसुद्धा श्वास रोखून बसली होती, कारण मी सांगितलं होतं की हललीस तर काटा हलेल.

चाळीस मिनिटं. सांडलेलं पाणी: शून्य. दोनदा अधोरेखित करतो. शून्य. चष्मेवाले खालून विचारायला आले की आज सुट्टी आहे का.

मी धाकटीला म्हटलं, बोल आता.

ती म्हणाली, "दादा, फार सुंदर झालीय. पण कुणी हललंच नाही रे."

मावशी म्हणाल्या, "काटा जरा हलता ठेवा ना."

मी म्हटलं, "मावशी, मी आयुष्यभर हलणारे काटे स्थिर केले. आता स्थिर काटा हलवू?"

त्या म्हणाल्या, "मी आपलं बोलले." आणि पोछा मारायला गेल्या.

मंगळवार, ता. १८

तक्रारी आल्या. एकूण नऊ. मुलांना न्यायला आलेले आईबाप आज धाकटीभोवती गोळा झाले. एका वडिलांनी विचारलं, "काल काय केलंत याला? घरी येऊन सोफ्यावरून एकसष्ट उड्या मारल्या." मी विचारलं, एकसष्टच कशा मोजल्या? ते म्हणाले, "दुसरं करता काय येत होतं?" वावटळीच्या आईने सांगितलं की पोरगी पडद्याला लोंबकळली आणि पडदा दांडीसकट खाली आला.

आज सकाळी पुन्हा तोल लावला. अर्ध्या तासाने एक मूल शिंकलं, काटा हलला, आणि मग जे सुरू झालं त्याने पेल्यातलं १२० ग्रॅम पाणी गेलं.

मी निघताना धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर हात फिरवत होती. अकरा वर्षांपूर्वी तो कट्टा मुलांना लागू नये म्हणून मीच गोल घासून दिला होता.

गुरुवार, ता. २०

गेलो नाही. दोन दिवस दुकानातच. किराणावाल्याचा तराजू देऊन टाकला. धाकटीचा निरोप आला, फळी काढून नेतोस का. उत्तर दिलं नाही.

शुक्रवार, ता. २१

फळी आणायला गेलो आणि जिन्यातच थांबलो. आवाज कमी होता, म्हणून घाबरलो. दार उघडलं तर चौदाच्या चौदा मुलं हलत होती.

फळीच्या दोन्ही टोकांना मावशींनी एकेक घमेलं बांधलं होतं. सरकतं वजन काढून कोपऱ्यात ठेवलेलं. खोलीच्या पलीकडच्या टोकाला जुन्या अभ्र्यांच्या शिवलेल्या पिशव्यांचा ढीग, आत चिंध्या आणि रेती. मुलांचे दोन गट. प्रत्येकाने एक पिशवी डोक्यावर घ्यायची, हात न लावता उशांच्या वाटेवरून चालायचं, ओळीने मांडलेल्या स्टुलांवर चादर टाकून केलेल्या बोगद्यातून पिशवी ढकलत रांगायचं आणि आपल्या घमेल्यात टाकायची. ज्यांचं घमेलं खाली त्यांचा डाव. पिशवी डोक्यावरून पडली की परत ढिगापासून सुरुवात. डाव फिरला की पलीकडचे लगेच दुसरी आणायला निघतात. रांग नाही. शेवट नाही.

आणि आवाज नाही, कारण डोक्यावर पिशवी असली की मूल पाय आपटत नाही. ठोकळा मांजरासारखा चालत होता. वावटळ जीभ बाहेर काढून, दोन्ही हात पसरून, सावकाश. एका मुलीने मला बघून ओरडायला तोंड उघडलं, पिशवी सरकली, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

खाली धावलो. चष्मेवाले काच घासत होते. "वर आहे का कोणी?" म्हणाले. पेला त्यांनीच भरून ठेवला होता. एका तासात सांडलेलं पाणी: ४ ग्रॅम. तेही मी दार जोरात लावल्यामुळे असणार.

माझ्या फळीचा असा काहीतरी उपयोग होणार हे मला पहिल्यापासून वाटतच होतं.

नियम दुसरा: खेळण्यात मुलाला कुठून तरी कुठे तरी पोचायचं असलं पाहिजे.
नियम तिसरा: काटा हलता हवा. स्थिर झाला की खेळ संपतो.

सोमवार, ता. २४

मावशींच्या पिशव्या तपासल्या. एकूण चाळीस, त्यांत दोन सारख्या नाहीत. सगळ्यात हलकी ९० ग्रॅम, सगळ्यात जड ४१०. ही काय पद्धत झाली? उसवायला बसलो. मावशी म्हणाल्या, "काही जड राहू द्या दादा. जड कुठली ते शोधण्यात त्यांची मजा आहे." मी म्हटलं, वजनाचं मला बघू द्या. दोनशे ग्रॅमच्या चाळीस पिशव्या केल्या. चुकीची मर्यादा एक ग्रॅम.

मंगळवार, ता. २५

चाचणी. दहा मिनिटांत मुलांनी पिशव्या एकमेकांना फेकून मारायला सुरुवात केली. सगळ्या पिशव्या सारख्या, म्हणून कोणालाही कुठलीही चालते, म्हणून निवडायला कोणी वाकत नाही, आणि एकाला एक असा डाव सारखा बरोबरीत अडकतो. ४८ ग्रॅम.

दुपारी मला सुचलं: वजनं असमान हवीत. चाळीसही पिशव्या पुन्हा उसवल्या. मावशी शेजारी बसून टाके घालत होत्या. हात फार जलद आहे त्यांचा. एका पिशवीत त्यांनी दगडी बत्त्याचा तुकडा घातला. म्हणाल्या, "ही ज्याला सापडेल तो आज राजा."

नियम चौथा: वजनं असमान.

उद्याची चाचणी याच पिशव्यांवर.

बुधवार, ता. २६

२ ग्रॅम. दुपारी मुलं जेवून अशी झोपली की धाकटीने दोनदा श्वास बघितला. एकाही आईबापाची तक्रार नाही. पडदेवाल्या बाईंनी विचारलं, "रविवारी पण उघडं ठेवता का?"

धाकटी म्हणाली, कप्तानांना तुझ्याबद्दल आदर आहे. त्यांच्या घरातला काटा तू दुरुस्त केलास तेव्हापासून ते म्हणतात, त्या माणसाचं यंत्र म्हणजे खात्री. एक नीट कागद कर, तुझ्या नावाने. मी तेच करणार होतो.

गुरुवार, ता. २७

अहवाल लिहायला घेतला. मथळा: हादरे न देणाऱ्या चलनवलनाच्या खेळण्यांचे चार नियम, शोधक अमुक. प्रत्येक नियमासमोर तो कुठल्या तारखेला सापडला ते हवं. म्हणून ही वही पहिल्या पानापासून वाचली.

नियम पहिला, रांग नको. माझी तारीख १०. वहीत ६ तारखेला मावशींच्या तोंडी आहे.

नियम दुसरा, पोचायला जागा हवी. माझी तारीख २१. वहीत ५ तारखेला मावशींच्या तोंडी.

नियम तिसरा, काटा हलता हवा. माझी तारीख २१. वहीत १७.

नियम चौथा. माझी तारीख २५. वहीत आदल्या दिवशी.

तीनदा तपासलं. अक्षर माझंच आहे. पोछा मारायला गेल्या, असंही लिहून ठेवलंय.

आधी राग आला तो इतकं नीट लिहायच्या सवयीचा. चारातला एखादा तरी माझा निघेल म्हणून पुन्हा शोधलं. पेल्याची युक्ती माझी आहे. फळी माझी आहे. बाकी नाही.

शुक्रवार, ता. २८

मावशी गच्चीवर चादरी वाळत घालत होत्या. वही घेऊन गेलो. मी म्हटलं, "मावशी, हे सगळं तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की. रोज बोलले." त्यांनी तोंडातला चिमटा काढून चादरीला लावला. "तुम्ही लिहून घेत होतात. मला वाटलं, ऐकताय."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. त्या म्हणाल्या, "ताणा जरा. अहो, एवढं नाही, फाटेल."

खाली आल्यावर धाकटीला सांगितलं की उद्या कप्तानांना खरं सांगणार. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "दादा, आत्ता नको. त्यांचा भरवसा तुझ्यावर आहे. सांभाळणाऱ्या बाईंनी केलंय म्हटलं तर ते बघणारसुद्धा नाहीत. खोली राहू दे, मग हवं तितकं खरं बोल."

तिचंही चुकलं नाही. अकरा वर्षं आहेत तिची त्या खोलीत. मी काय बोलणार ते ठरलेलं नाही. अहवालावर नावाची जागा कोरी ठेवली आहे.

शनिवार, ता. २९

कप्तान बरोबर दहाला आले. टोपी, काठी, बुटांना पॉलिश. दारात उभे राहून म्हणाले, "सुरू करा." जणू काही बोटच सोडायची आहे.

मुलं खेळली. पस्तीस मिनिटं. ठोकळ्याला बत्त्याची पिशवी सापडली, आणि ती घमेल्यात पडली तेव्हा फळी अशी डौलात खाली आली की कप्तानांनी सुद्धा मान त्याच बाजूला कलती केली. मग ते माझ्याकडे वळले. "उत्तम. तुमचंच डोकं, काटेवाले. दुसऱ्या कोणाला साधलं नसतं."

धाकटी माझ्याकडे बघत होती. मावशी कोपऱ्यात एका मुलाचं नाक पुसत होत्या, त्या बघतही नव्हत्या.

मी म्हटलं, "फळी माझी आहे. डोकं या मावशींचं. मी आणलेली दोन खेळणी फसली, आणि यांनी सांगितलेली एकही नाही. तारखा आहेत माझ्याकडे."

कप्तानांनी मावशींकडे पाहिलं. मग छताकडे, मग जमिनीकडे. भुवया जवळ आल्या. "यांचं? मग मला खात्री कशी? खाली आवाज जातच नाही हे कशावरून? तो चष्मेवाला आज दुकानात आहे तरी का?"

आणि त्यांनी पॉलिश केलेला बूट उचलून जमिनीवर दाणकन आपटला. एकदा. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.

जिन्यात पावलं वाजली. चष्मेवाले धापा टाकत दारात. हातात पेला. "झालं का परत सुरू? तीन दिवस कसं शांत होतं! कोण नाचतंय?"

चौदा मुलांनी एकाच वेळी कप्तानांकडे बोट केलं.

पेल्याचं वजन मी तिथेच केलं. त्याआधीच्या पस्तीस मिनिटांत काय गेलं ते कळायला मार्ग नाही, पण एकूण ३४ ग्रॅम, आणि मांडणीवर ताजा ओघळ असल्याचं चष्मेवाल्यांनी सांगितलं. कप्तानांना आकडा सांगितला. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. वावटळ पुढे झाली, त्यांच्या हातात एक पिशवी दिली आणि म्हणाली, "डोक्यावर ठेवा. मग पाय वाजत नाहीत."

"टोपीवर?"

"टोपी काढा. आणि बूट पण."

त्यांनी बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. उशांच्या अर्ध्या वाटेपर्यंत गेले, पिशवी पडली, आणि कोणी काही सांगायच्या आत ते स्वतःहून ढिगापाशी परत गेले. तिसऱ्या खेपेला पोचले. बोगद्यात मात्र गेले नाहीत, वळसा घालून आले. मुलांनी ते चालवून घेतलं नाही, अर्धाच डाव दिला.

बूट घालताना धाकटीला म्हणाले, "खोली ठेवा. पण दाराशी पाटी लावा, मोठ्यांनी बूट बाहेर काढावेत." मग मावशींना, "आणि बाई, त्या जड पिशवीत काय आहे?"

"शोधून बघा पुढच्या वेळी," मावशी म्हणाल्या.

ते गेल्यावर धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी अहवाल पुरा केला. शोधक म्हणून मावशींचं नाव घातलं. मग एक ओळ सोडून लिहिलं, फळी: मी. त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "छान लिहिलंय. आता ते दुधाचं पातेलं उतरवा."

सोमवार, ता. १

मावशींना घेऊन खेळण्यांच्या दुकानात गेलो. कप्तानांनी स्वतःहून सांगितलंय की आणखी काही हवं असेल तर आणा. दुकानदार मला बघून पुढे आला. "या साहेब! ट्रॅम्पोलिन कसं चाललंय?" मी म्हटलं, यांना विचारा काय हवं ते.

मावशींनी सगळं दुकान हिंडून बघितलं. वस्तू उचलून तळहातावर तोलत होत्या, हातात फिरवत होत्या, एक कान लावून हलवत होत्या. कमरेभोवती फिरवायच्या कापडी रिंगा त्यांना पसंत पडल्या. मऊ, पडल्या तरी आवाज नाही. मला रिंगांच्या व्यासाबद्दल तीन गोष्टी सांगायच्या होत्या. एकच सांगितली. ती त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, बरोबर आहे, मोठ्या घेऊ. हे लिहून मी दोनदा वाचलं.

रांग नको, म्हणून प्रत्येकाला एक हवी. दुकानदाराने विचारलं, "मुलं किती?"

"चौदा," मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "पंधरा द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "एक मोठ्या मापाची."

पाळणाघरात पंधरावं मूल कधी आलं हे मला कोणी सांगितलेलं नाही. उद्या जाऊन त्याचं वजन घ्यायला हवं.